प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसची झीज

इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांवर अशा गाड्यांत गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत (मागच्या एक्सलवरचा, ओढ दोन्ही चाकांना वाटणारा गिअरचा डबा) गाडीखाली जो पोकळ नळीचा लांब दांडा फिरत असतो तो प्रोपेलर शाफ्ट. अँबॅसिडर, प्रीमियर पद्मिनी, जीप, बोलेरो, ओम्नी, टेम्पो, ट्रक, सगळ्यांना तो आहे. गॅरेजात "शाफ्ट वाजतोय" म्हणतात तेव्हा दहातल्या नऊ वेळा दांड्याला काही झालेलं नसतं, त्याच्या टोकाला असलेला क्रॉस गेलेला असतो.

क्रॉस म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा चार बोटांचा स्टीलचा तुकडा. प्रत्येक बोटावर एक वाटी, वाटीत बारीक सुयांसारखे रोलर. दोन बोटं एका योकमध्ये (दोन फाट्यांचं टोक) आणि दोन दुसऱ्यात, त्यामुळे मागचा एक्सल खड्ड्यात खाली-वर झाला तरी शाफ्ट वाकड्या कोनात फिरत राहतो. कल्पना जुनी आहे, १६व्या शतकातल्या इटलीच्या कार्डानोचं आणि १७व्या शतकातल्या इंग्लंडच्या रॉबर्ट हूकचं नाव याला चिकटलेलं आहे. मोटारीत तो रुजवला अमेरिकेतल्या क्लॅरेन्स स्पायसरने, त्याचं पेटंट १९०३ चं.

या जॉइंटची एक खोड आहे. कोनात फिरताना पुढचं टोक एकसारखं फिरलं तरी मागचं एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा हळू होतं. १० अंशाच्या कोनाला हा फरक दीड टक्क्याच्या आसपास असतो, पण ३० अंशाला १३ ते १५ टक्क्यांवर जातो. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस देतात आणि नळीवरचे दोन्ही योक एका रेषेत ठेवतात, म्हणजे एकाने केलेली चूक दुसरा फेडतो. हे रेषेचं प्रकरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता झीज का होते तर मुख्य कारण ग्रीस नसणं, बाकी सगळं त्यानंतर. पावसाळ्यात गाडी पाण्यातून, चिखलातून जाते, वाटीचं रबर सील म्हातारं झालेलं असतं, पाणी आत गेलं की ग्रीस धुऊन निघतं आणि सुया कोरड्या पडतात. मग बोटावर सुयांच्या रेघा उमटतात, नखाने चाचपलं तरी कळतात. एकदा का त्या खाचा पडल्या की कितीही ग्रीस मारा, तो क्रॉस परत येत नाही. ज्यांना ग्रीस निप्पल असतो त्यांना चारही वाट्यांच्या सीलमधून नवं ग्रीस डोकावेपर्यंत गन मारायची, तीनमधून आलं आणि चौथीतून नाही तर ती चौथीच आधी मरणार.

लक्षणं ऐकून ओळखता येतात. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की खालून "खट्ट", रिव्हर्सला टाकलं की परत "खट्ट". हळू चालताना चिमणीसारखं चुंइक चुंइक, तेही चाकाच्या फेऱ्यापेक्षा भराभर, म्हणजे कोरडी वाटी. आणि वेग वाढला की सीटखाली गुणगुणतं. इथे लोक चाकं बॅलन्स करून पैसे घालवतात. साधा हिशोब असा की ६० च्या वेगाला २ मीटर घेराचं टायर मिनिटाला ५०० फेरे मारतं, आणि डिफरन्शियल चारास एकचं असलं तर शाफ्ट २००० मारतो. चाकाची थरथर संथ, धक्क्यासारखी असते, शाफ्टची बारीक आणि झणझण. त्याच वेगाला न्यूट्रल करून बघायचं, झणझण राहिली तर इंजिन संशयातून सुटलं, दोष मागे. ट्रकसारख्या दोन तुकड्यांच्या शाफ्टला मधे सेंटर बेरिंग असतं, लोड घेऊन निघतानाच थरथर येत असेल तर त्याचं रबर आधी बघा.

पक्कं निदान मात्र हातानेच. सपाट जागा, चाकांना पुढून-मागून दगड, गाडी गिअरमध्ये, इंजिन बंद. खाली जाऊन एका हाताने एक योक धरायचा आणि दुसऱ्याने शाफ्ट पिळायचा. शाफ्ट थोडा हलतोच, तो डिफरन्शियलच्या गिअरांचा प्ले, म्हणजे ढिलेपणा असतो, तो बघून घाबरायचं नाही (मी स्वतः पहिल्यांदा असाच एक चांगला क्रॉस बदलून घेतलाय). बघायचं ते हे की क्रॉसच्या दोन बाजूंचे योक एकमेकांच्या तुलनेत हलतात का. केसाएवढे जरी हलले तरी क्रॉस गेला. वाटीभोवती तांबूस पावडर दिसली तर हलवायचीही गरज नाही, तो गंज आतल्या सुयांचाच आहे.

काढताना आधी फ्लँजवर (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात ती चकती) खुणा करा, खडूने नको, पुसतो, पंचने. शाफ्टचे बोल्ट सोडायचे, वाट्यांचे लॉक काढायचे, मग व्हाइसमध्ये एका बाजूला छोटा सॉकेट आणि दुसरीकडे मोठा ठेवून वाटी दाबून बाहेर. हातोड्याने बडवतात तेव्हा योक फाकतो आणि नवी वाटी सैल बसते. नवा बसवताना सगळ्यात चिडवणारी गोष्ट म्हणजे एखादी सुई पडून वाटीच्या तळाशी आडवी होते, मग वाटी पूर्ण आत जात नाही आणि लॉक बसत नाही. तेव्हा जोर लावायचा नाही, परत काढायचं. बसल्यावर क्रॉस हाताने सगळीकडे फिरला पाहिजे, एका दिशेला घट्ट वाटला तर योकवर हलका ठोका द्यायचा.

मधला स्लिप जॉइंट, म्हणजे शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा दातांचा जोड, उपसला असेल तर जोडताना एक दात जरी इकडेतिकडे झाला तरी वरची ती रेष चुकते, आणि नवे क्रॉस टाकूनही गाडी आधीपेक्षा जास्त थरथरते. मग गिऱ्हाईक म्हणतं पार्ट डुप्लिकेट होता. नळीला पोचा आला असेल किंवा तिच्यावरची वजनाची पट्टी गळून पडली असेल तर मात्र क्रॉसने भागत नाही, शाफ्ट बॅलन्सिंगला द्यावाच लागतो.

मारुती ८०० सारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत हा क्रॉसच नसतो, तिथे गोळ्यांचा सीव्ही जॉइंट, म्हणजे कोनातही एकसारखा फिरणारा जोड. तो गेला की स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कट-कट-कट ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा टायरच्या आतल्या बाजूला उडालेलं काळं ग्रीस त्याच्या बऱ्याच आधीपासून दिसत असतं, कारण रबरी बूट फाटलेला असतो.