‘द बॅटल ऑफ अल्जीयर्स’मधली दृश्यं खरी की उभारलेली?

फ्रेंच राजवटीविरुद्धच्या अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्यावरच्या, १९६६च्या या सिनेमात खऱ्या दंगलींचं चित्रीकरण मिसळलंय, असं आजही सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. वार्तापटाची एक फूटही फिल्म त्यात नाही. अमेरिकेत प्रदर्शित करताना तशी पाटीच दाखवली होती, इतका लोकांचा गैरसमज होई.

ही किमया दिग्दर्शक जिलो पोंतेकोर्वो आणि छायालेखक मार्चेल्लो गात्ती यांची: कृष्णधवल, दाणेदार चित्र, हातात धरलेला हलता कॅमेरा. शेवटी धुरातून झेंडे फडकवत, आरोळ्या ठोकत गर्दी पुढे येते. ती डिसेंबर १९६०ची निदर्शनं अल्जीयर्सच्या रहिवाशांनीच आपल्या रस्त्यांवर पुन्हा उभी केली, स्वातंत्र्यानंतर अवघ्या काही वर्षांत. ‘खरं फुटेज’ म्हटलं की त्यांच्या या मेहनतीचं श्रेयच पुसलं जातं, आणि मला तेच जास्त खटकतं.

पण म्हणून सगळं काल्पनिक ठरवणंही चूकच. बंडखोरांच्या म्होरक्याची भूमिका करणारे सादी यासेफ स्वतःच १९५७मध्ये पकडलेले म्होरके. फाशीची शिक्षा होऊन वाचलेले. सिनेमाचे एक निर्मातेही तेच. फ्रेंच कर्नल साकारणारे जाँ मार्तां हे मात्र व्यावसायिक नट. अल्जीरियातल्या युद्धाविरुद्धच्या १९६०च्या जाहीरनाम्यावर त्यांचीही सही होती.