ग्रॅमी पुरस्कार : विजेते आणि संगीतप्रकारांचे खण

अमेरिकेत ध्वनिमुद्रित संगीतासाठी दरवर्षी दिले जाणारे पुरस्कार. १९५७ साली लॉस एंजेलिसमध्ये स्थापन झालेली रेकॉर्डिंग अकॅडमी ही संस्था ते देते. विजेत्याला सोनेरी मुलाम्याची ग्रामोफोनची छोटी प्रतिकृती मिळते. रोख रक्कम नसते. पहिला सोहळा ४ मे १९५९ रोजी बेव्हर्ली हिल्स आणि न्यूयॉर्क अशा दोन ठिकाणी एकाच वेळी झाला आणि त्यात २८ पुरस्कार दिले गेले. २०२५ च्या ६७ व्या सोहळ्यात ही संख्या ९४ होती. पॉप, रॉक, रॅप, कंट्री, जॅझ, गॉस्पेल, लॅटिन, रेगे, पाश्चात्त्य अभिजात, चित्रपटसंगीत, बालसंगीत, शिवाय ध्वनिपुस्तके, अल्बमची वेष्टणे आणि अल्बमसोबतची टिपणे एवढा त्यांचा पसारा आहे. कोण जिंकले याइतकेच कोणत्या विभागात जिंकले याला ग्रॅमीत महत्त्व असते. या पुरस्कारांचे बहुतेक मोठे वाद विभागांच्या आखणीवरूनच झाले आहेत.

कोणत्याही संगीतप्रकाराची अट नसलेल्या पुरस्कारांचा एक सर्वसाधारण गट आहे. रेकॉर्ड ऑफ द इयर, साँग ऑफ द इयर, अल्बम ऑफ द इयर आणि सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकार हे त्यातले चार जुने मान. २०२४ पासून वर्षातील निर्माता आणि वर्षातील गीतरचनाकार हे दोन पुरस्कारही या गटात धरले जातात. यातल्या पहिल्या दोहोंत नेहमी गल्लत होते. ‘रेकॉर्ड’चा पुरस्कार प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाला, म्हणजे गायक, निर्माता आणि ध्वनितंत्रज्ञ यांना मिळतो, ‘साँग’चा पुरस्कार गाणे रचणाऱ्याला. २००३ मध्ये नोरा जोन्सच्या एकाच गाण्याला दोन्ही मान मिळाले, पण साँग ऑफ द इयरचा ग्रामोफोन ते गाणे लिहिणाऱ्या जेसी हॅरिसच्या हाती गेला. गाण्यामागची माणसे अशी वेगळी ओळखून त्यांचा सन्मान करणे ही ग्रॅमीची फार मोलाची बाजू आहे. सोहळ्याच्या झगमगाटात ती पुरेशी दिसत नाही.

पहिल्या वर्षी रेकॉर्ड आणि साँग हे दोन्ही मान दोमेनिको मोदुन्यो या इटालियन गायकाच्या ‘व्होलारे’ या नावाने गाजलेल्या इटालियन गाण्याने पटकावले. अल्बम ऑफ द इयर ठरला तो हेन्री मॅन्सिनीने एका दूरचित्रवाणी मालिकेसाठी केलेल्या संगीताचा. एला फिट्झजेराल्ड आणि काउंट बेसी या जॅझमधल्या दिग्गजांना प्रत्येकी दोन पुरस्कार होते. त्या वेळी तरुणांनी डोक्यावर घेतलेले रॉक अँड रोल मात्र अकॅडमीच्या ज्येष्ठ मंडळींच्या पचनी पडत नव्हते. रॉकचा सम्राट म्हणवला जाणाऱ्या एल्विस प्रेस्लीला स्पर्धेतून तीनच ग्रॅमी मिळाले आणि तिन्ही गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिसंगीतासाठी. ज्या संगीताने त्याने एका पिढीचे कान बदलले, त्यासाठी एकही नाही.

नव्या संगीतप्रकाराला उशिरा दार उघडायचे आणि उघडल्यावर आत कुठे बसवायचे यावरून गोंधळ घालायचा, हे पुढेही घडत राहिले. १९८९ हे वर्ष या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. रॅपसाठी त्या वर्षी प्रथमच पुरस्कार ठेवला गेला, पण तो दूरचित्रवाणीवर दाखवायचा नाही असे ठरले. तेव्हा नामांकन मिळालेल्या अनेक रॅप कलाकारांनी सोहळ्यावरच बहिष्कार टाकला. पुरस्कार जिंकणारी डीजे जॅझी जेफ आणि द फ्रेश प्रिन्स ही जोडी बहिष्कार टाकणाऱ्यांतच होती. यातला फ्रेश प्रिन्स म्हणजे पुढे अभिनेता म्हणून प्रसिद्ध झालेला विल स्मिथ. त्याच रात्री हार्ड रॉक आणि मेटल यांसाठी मिळून ठेवलेला पहिला पुरस्कार मेटॅलिका या मेटल गटाला मिळणार असे सगळे धरून चालले असताना, बासरीच्या सुरांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जेथ्रो टल या ब्रिटिश गटाला मिळाला. पुढच्याच वर्षी अकॅडमीने हार्ड रॉक आणि मेटल वेगळे केले आणि मेटलचा पुरस्कार मेटॅलिकाकडे गेला.

रॅप ज्याचा भाग आहे त्या हिप-हॉपला सर्वसाधारण गटात शिरायला आणखी वेळ लागला. लॉरिन हिलने १९९९ मध्ये आणि आउटकास्टने २००४ मध्ये अल्बम ऑफ द इयर मिळवला. रॅप गाणे रेकॉर्ड आणि साँग हे दोन्ही मान घेऊन गेले ते थेट २०१९ मध्ये, चाइल्डिश गॅम्बिनोच्या रूपाने. २०२५ मध्ये केंड्रिक लामारने तेच करून दाखवले. त्याच्या एका गाण्याला त्या रात्री पाच पुरस्कार मिळाले.

विभाग जसे जन्माला येतात तसे बंदही होतात. पोल्का या युरोपीय वळणाच्या नृत्यसंगीतासाठी १९८६ पासून पुरस्कार होता आणि त्यातले तब्बल १८ एकट्या जिमी स्टरने जिंकले. २००९ नंतर तो विभाग रद्द झाला. २०१२ मध्ये तर एकूण विभाग १०९ वरून ७८ वर आणले गेले. गायक आणि गायिका यांचे वेगळे पुरस्कार एकत्र केले, तर हवाई बेटांचे संगीत, अमेरिकेच्या मूलनिवासींचे संगीत आणि लुइझियानाचे झायडेको-केजन संगीत एकाच ‘प्रादेशिक’ विभागात कोंबले. एकमेकांशी सुतराम संबंध नसलेल्या परंपरा अशा स्पर्धेत उतरवणे अन्यायाचेच होते. लॅटिन जॅझचा विभाग वगळल्यावर त्या कलाकारांनी निदर्शने केली, प्रकरण न्यायालयापर्यंत नेले आणि पुढच्याच वर्षी तो परत मिळवला.

सर्वाधिक पुरस्कारांचा मान दीर्घकाळ हंगेरीत जन्मलेले संगीतसंचालक सर जॉर्ज शोल्टी यांच्याकडे होता. मुख्यतः शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबरच्या ध्वनिमुद्रणांसाठी त्यांनी ३१ ग्रॅमी मिळवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये बियॉन्सेने ३२ वा पुरस्कार घेऊन हा विक्रम मोडला. २०२५ अखेर तिच्या नावावर ३५ होते. एवढे पुरस्कार मिळूनही अल्बम ऑफ द इयर तिला वर्षानुवर्षे हुलकावणी देत होता. २०१६ मध्ये तिचे एक गाणे कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिणेतून आलेल्या संगीताच्या विभागात स्वीकारायला त्या विभागाच्या समितीने नकार दिल्याच्या बातम्या आल्या होत्या. टेक्सासमध्ये वाढलेल्या या कृष्णवर्णीय गायिकेने पुढे ‘काउबॉय कार्टर’ हा संपूर्ण अल्बमच त्या वळणाचा केला आणि २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बम व अल्बम ऑफ द इयर हे दोन्ही पुरस्कार मिळवले. कंट्री अल्बमचा पुरस्कार मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार. नाव पुकारले गेल्यावर तिच्या चेहऱ्यावर उमटलेले आश्चर्य दूरचित्रवाणीवर सगळ्यांनी पाहिले. काही महिन्यांतच अकॅडमीने कंट्री अल्बमच्या पुरस्काराचे पारंपरिक आणि समकालीन असे दोन भाग करण्याचे जाहीर केले.

इतर विक्रमांपैकी थोडेच इथे पुरे. मायकेल जॅक्सनने १९८४ मध्ये एका रात्रीत आठ पुरस्कार घेतले आणि २००० मध्ये कार्लोस सांतानाने त्याची बरोबरी केली. स्टीव्ही वंडरने १९७४, १९७५ आणि १९७७ मध्ये अल्बम ऑफ द इयर मिळवला. मधल्या १९७६ साली तो मिळवणाऱ्या पॉल सायमनने, या वर्षी अल्बम न काढल्याबद्दल व्यासपीठावरून वंडरचे आभार मानले. टेलर स्विफ्टने हा मान चार वेळा मिळवला. बिली आयलिशने २०२० मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी चारही जुने मान एकाच रात्री जिंकले. जॅझचे कलाकार अधूनमधून सगळ्यांना चकित करतात : हर्बी हॅनकॉकचा २००८ चा अल्बम ऑफ द इयर आणि एस्पेरान्झा स्पॉल्डिंगचा २०११ चा नवोदिताचा पुरस्कार ही त्याची ठळक उदाहरणे. मिली व्हॅनिली या जोडीला १९९० मध्ये नवोदितांचा पुरस्कार मिळाला. अल्बमवरचा आवाज त्यांचा नसल्याचे उघड झाल्यावर त्याच वर्षी तो काढून घेण्यात आला.

विजेते ठरतात ते अकॅडमीच्या मतदार सदस्यांच्या मतांनी. हे सदस्य म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या कामात प्रत्यक्ष असलेले गायक, वादक, रचनाकार, निर्माते आणि तंत्रज्ञ. खप किंवा लोकांची मते मोजली जात नाहीत. ठरलेल्या मुदतीत प्रकाशित झालेल्या कृती विचारात घेतल्या जातात. २०२५ साठी ही मुदत १६ सप्टेंबर २०२३ ते ३० ऑगस्ट २०२४ होती. आलेल्या प्रवेशिका योग्य विभागात आहेत का हे जाणकार तपासतात, मग मतदानाच्या एका फेरीत नामांकने आणि दुसऱ्या फेरीत विजेते ठरतात. सर्वसाधारण गट सोडून सदस्याला जास्तीत जास्त तीन क्षेत्रांतल्या दहा विभागांत मत देता येते, म्हणजे माहिती नसलेल्या संगीतावर शिक्का मारण्याला काही प्रमाणात आळा बसतो. पूर्वी अनेक विभागांची अंतिम नामांकने निनावी समित्या ठरवत. गायक द वीकेंड याच्या गाजलेल्या अल्बमला नोव्हेंबर २०२० मध्ये एकही नामांकन मिळाले नाही, तेव्हा त्याने उघडपणे अकॅडमीला जाब विचारला. २०२१ मध्ये या समित्या बहुतांशी बंद झाल्या.

सोहळा साधारणपणे फेब्रुवारीत लॉस एंजेलिसला होतो. रात्री दूरचित्रवाणीवर दिसतो त्यात जेमतेम दहा-बारा पुरस्कार असतात. बाकीचे ऐंशीहून अधिक त्याच दिवशी दुपारी वेगळ्या कार्यक्रमात भराभर दिले जातात; जॅझ, अभिजात, लोकसंगीत आणि जागतिक संगीताचे विजेते बहुतेक तिथेच. कॅमेऱ्यासमोर हातात येणारा ग्रामोफोन नाव न कोरलेला असतो, कारण विजेता आधी कोणालाच ठाऊक नसतो. तो व्यासपीठामागे परत घेतला जातो. नाव असलेला खरा ग्रामोफोन कोलोरॅडो राज्यातल्या रिजवे या छोट्या गावी, जॉन बिलिंग्ज यांच्या कार्यशाळेत हाताने घडवला जातो आणि नंतर घरपोच येतो.

भारतीय विजेत्यांचा इतिहास या विभागांच्या आखणीशी घट्ट जोडलेला आहे. पहिला ग्रॅमी पंडित रविशंकर यांना १९६८ मध्ये व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्यासोबतच्या अल्बमसाठी मिळाला, तोही चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांच्या संगीताच्या, पाश्चात्त्य अभिजात विभागात. ‘जागतिक संगीत’ हा विभाग तेव्हा नव्हताच. तो आला १९९२ मध्ये, आणि त्याचा पहिलाच पुरस्कार मिकी हार्ट यांच्या तालवाद्यांच्या अल्बमला मिळाला, ज्यात उस्ताद झाकीर हुसेन आणि विक्कू विनायकराम होते. पुढे विश्वमोहन भट्ट (१९९४, राय कूडर यांच्यासह) याच विभागात जिंकले. रविशंकरांना २००२ मध्ये आणि मृत्यूनंतर दोन महिन्यांनी, २०१३ मध्ये, इथेच पुरस्कार मिळाले. त्या खेपेस याच विभागात त्यांची कन्या अनुष्का शंकर हिलाही नामांकन होते. आशा भोसले यांचे नाव १९९७ मध्ये उस्ताद अली अकबर खाँ यांच्याबरोबरच्या आणि २००६ मध्ये क्रोनॉस क्वार्टेट या अमेरिकी तंतुवाद्य चौकडीबरोबरच्या अल्बमसाठी नामांकनात होते. पुरस्कार दोन्ही वेळा हुकला. रविशंकरांना जी जागा अभिजात संगीताच्या पंक्तीत मिळाली होती, ती पुढच्या रागदारी कलाकारांना मिळाली नाही. सोयीसाठी केलेल्या एका विभागाने भारतीय अभिजात संगीताला बाकी साऱ्या जगाच्या संगीताबरोबर एका ओळीत उभे केले, हे त्याचे मोठे न्यून आहे. २०२० मध्ये अकॅडमीने या विभागाचे नाव बदलले, तरी आखणी मूळचीच राहिली.

या चौकटीबाहेरही काही पुरस्कार आले. ए. आर. रहमान यांना २०१० मध्ये चित्रपटसंगीतासाठी दोन मिळाले, त्यांतील गाण्याच्या पुरस्कारात गुलजार आणि तन्वी शाह सहभागी होते. रिकी केज यांनी २०१५, २०२२ आणि २०२३ मध्ये, तर चंद्रिका टंडन यांनी २०२५ मध्ये पुरस्कार मिळवला. मुंबईत वाढलेल्या फाल्गुनी शाह यांचा २०२२ चा पुरस्कार बालसंगीतासाठी होता. सर्वांत उजळ वर्ष २०२४. शंकर महादेवन, झाकीर हुसेन, जॉन मॅकलॉक्लिन, गणेश राजगोपालन आणि सेल्वागणेश यांच्या ‘शक्ती’ या गटाला जागतिक संगीताच्या अल्बमचा मान मिळाला. बॅन्जोवादक बेला फ्लेक, डबल बासवादक एडगर मायर आणि बासरीवादक राकेश चौरसिया यांच्यासोबत केलेल्या कामासाठी झाकीरभाईंना आणखी दोन मिळाले आणि एका रात्रीत तीन ग्रॅमी मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. या दोहोंपैकी एक होता समकालीन वाद्यसंगीताच्या अल्बमचा. तबला आणि बासरी तिथे बॅन्जो आणि डबल बासच्या जोडीने, कोणत्याही भौगोलिक पाटीशिवाय जिंकली होती.