शुक्रवारी रात्री नऊ वाजता

१८१२ साली वीस वर्षांचा मायकेल फॅरेडे लंडनमध्ये एका बुकबाइंडरकडे उमेदवारी करत होता. बांधायला आलेली पुस्तकं वाचून काढणं हेच त्याचं शिक्षण. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेतल्या हम्फ्री डेव्ही या नामवंत रसायनशास्त्रज्ञाच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरेडेने व्याख्यानांची टिपणं काढली, आकृत्यांसह ती नीट उतरवली, स्वतःच बाइंडिंग केलं आणि तो ठोकळा डेव्हीकडे पाठवून दिला. १८१३च्या मार्चमध्ये तो तिथे प्रयोगशाळेतला मदतनीस झाला.

ही संस्था १७९९ची. डेव्हीच्या व्याख्यानांना एवढ्या बग्ग्या लोटत, की त्यामुळेच अल्बेमार्ल स्ट्रीट हा लंडनमधला पहिला एकेरी वाहतुकीचा रस्ता ठरला, असं सांगतात. पण १८२०च्या दशकात संस्थेची तिजोरी खडखडत होती. सभासद टिकायला हवे होते. प्रयोगशाळेचा प्रमुख झालेल्या फॅरेडेने १८२५-२६च्या सुमारास सभासद आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी शुक्रवारच्या संध्याकाळच्या बैठका सुरू केल्या, मुलांसाठी नाताळातली व्याख्यानंही त्याच काळातली. म्हणजे ज्याला आज आपण विज्ञानप्रसार म्हणतो, त्याच्या मुळाशी बराचसा पोटाचा प्रश्न होता. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. पदरचे पैसे मोजून आलेल्या श्रोत्याला कंटाळा आणून चालत नाही, हे भान त्यातूनच आलं.

फॅरेडेने वक्तृत्वही प्रयोगासारखंच अभ्यासलं. आपण भराभर बोलू लागलो तर 'सावकाश' अशी पाटी समोर धरायला तो माणूस बसवत असे. नाताळातली एकोणीस सत्रं त्याने स्वतः घेतली. त्यातलं गाजलेलं सत्र एका मेणबत्तीवरचं: ज्योत का जळते इथून निघून तो श्वासोच्छ्वासापर्यंत जाई.

शुक्रवारच्या व्याख्यानाची रीत मोठी कडक. घड्याळाचे ठोके पडले की वक्ता थेट विषयाला हात घालतो. स्वागत नाही, परिचय नाही. हारतुरे, दीपप्रज्वलन आणि 'दोन शब्द' यांत अर्धा तास घालवणाऱ्या आपल्याला हे फारच कोरडं वाटेल. वक्त्याला आधी खोलीत कोंडून ठेवतात, त्यामागे भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन व्याख्यानाच्या ऐनवेळी पळाल्याची १८४६ची गोष्ट सांगतात. ती बहुधा रंगवलेलीच.

१८९७ साली तर एकाच दालनाने काय काय ऐकलं! २९ जानेवारीला कोलकात्याच्या जगदीशचंद्र बोसांनी घरच्या बनावटीच्या उपकरणांनी जेमतेम काही मिलिमीटर लांबीच्या विद्युत-लहरींचे प्रयोग दाखवले. ३० एप्रिलला जे. जे. थॉमसन यांनी अणूहूनही लहान कण असतात असं मांडलं. हाच पुढचा इलेक्ट्रॉन. त्या रात्री हजर असलेल्या एका नामांकित भौतिकशास्त्रज्ञाने बऱ्याच वर्षांनी थॉमसनना सांगितलं, की तेव्हा त्याला वाटलं होतं, हे आपली थट्टाच करताहेत.