पत्ता म्हणतो एक, नियम म्हणतो दुसरंच

रिचर्ड गारफिल्ड हा गणिती 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ घडवत होता, तेव्हा चाचणीच्या एका पत्त्यावर चारच शब्द होते: 'ऑपोनंट लूजेस नेक्स्ट टर्न'. त्याला म्हणायचं होतं, समोरच्याची एक पाळी गेली. चाचणीतल्या एका खेळाडूने मात्र जाहीर केलं की हा पत्ता आला की आपण जिंकलोच, कारण पुढच्या पाळीत समोरचा हरतो असं स्वच्छ लिहिलंय! व्याकरणाने दोघेही बरोबर. 1993 साली खेळ बाजारात आला तेव्हा त्या पत्त्यावर 'या पाळीनंतर आणखी एक पाळी घ्या' अशा अर्थाचं वाक्य होतं.

मेंढीकोटात असली भानगड नसते. तिथली भांडणं खाणाखुणांवरून होतात. नियम मूठभर असतात आणि ते सगळ्यांना पाठ असतात. पत्ते जमवून खेळायच्या या नव्या खेळांत प्रत्येक पत्ता आपला एक नियम सोबत घेऊन येतो. मॅजिकमध्ये असे 20 हजारांहून जास्त वेगवेगळे पत्ते आहेत. 20 हजारच धरले तरी त्यांच्या जोड्या जवळजवळ 20 कोटी होतात. तीन-तीन पत्त्यांचे गट तर विचारूच नका. प्रत्येक जोडीचा निवाडा आधी लिहून ठेवणं अशक्यच. म्हणून निवाडे नाही, तर निवाडा काढायची रीत लिहावी लागते.

या रीतीतली दोन कलमं सोपी आहेत. पत्ता आणि नियमपुस्तक यांत विरोध आला तर पत्त्याचं खरं. एक मजकूर 'करता येतं' म्हणाला आणि दुसरा 'करता येत नाही' म्हणाला, तर नकाराचं खरं. एवढ्यावर बरीच भांडणं मिटतात. उरतात ती चिवट असतात.

वडोदऱ्याला दांडिया बाजारात बहिणीच्या गॅलरीत भाचा आणि शेजारचा मुलगा 'यु-गि-ओ' हा असाच जमवलेल्या पत्त्यांचा खेळ खेळत होते.

"अंचई नको हं! माझा पत्ता ग्रेव्हयार्डमध्ये गेला, आता मला नवीन घेता येतो. लिहिलंय त्यावर."

"'व्हेन' लिहिलंय. 'इफ' कुठे लिहिलंय?"

"एकच ना ते! मामा, तू सांग याला."

मामाला शेजाऱ्याच्या बाजूने सांगावं लागलं. या खेळात 'व्हेन... यू कॅन' असं लिहिलेली सवलत तेव्हाच घेता येते, जेव्हा ती घटना सगळ्यात शेवटी घडलेली असते. भाच्याने मोठा मॉन्स्टर, म्हणजे लढणारा पत्ता, आणण्यासाठी तो पत्ता बळी दिला होता. म्हणजे आधी पत्ता ग्रेव्हयार्डात, बाद पत्त्यांच्या ढिगात, गेला, मग मॉन्स्टर आला. शेवटची घटना मॉन्स्टर येण्याची, त्यामुळे 'व्हेन'ची वेळ टळली. 'इफ' असतं तर चाललं असतं. एवढ्याशा शब्दावर इतका भार टाकणं मला जुलूमच वाटतो. पण खेळ बनवणाऱ्यांनी 2011 पासून मजकूर ठरावीक साच्यात लिहायला घेतला, तो मात्र झकास आहे. अपूर्णविरामाच्या आधी असतं ते हा पत्ता कधी वापरता येईल हे. अर्धविरामाच्या आधी असते ती मोजायची किंमत किंवा निवडायचं लक्ष्य. त्यानंतर येतो तो परिणाम. समोरच्याने परिणाम हाणून पाडला तरी मोजलेली किंमत परत मिळत नाही, आणि हे सांगायला वेगळं वाक्य लागत नाही.

शब्द स्वच्छ असूनही दोन पत्ते एकमेकांच्या गळ्यात अडकतात, तेव्हा खरी मजा येते. मॅजिकमधला 'ह्युमिलिटी' म्हणतो: सगळ्या क्रीचरच्या, म्हणजे लढणाऱ्या पत्त्यांच्या, क्षमता गेल्या, आणि ते 1/1 बळाचे झाले: हल्ल्याला एक, मार सोसायला एक. 'ओपॅलेसन्स' म्हणतो: माझ्याखेरीज जवळजवळ सगळे एन्चांटमेंट, म्हणजे टेबलावर राहून परिणाम करणारे मंत्राचे पत्ते, क्रीचरही झाले, आणि प्रत्येकाचं बळ तो खेळायला लागणाऱ्या किमतीइतकं. ह्युमिलिटी हा स्वतः एन्चांटमेंट, किंमत चार. म्हणजे तो क्रीचर झाला आणि त्याने स्वतःचीच क्षमता काढून घेतली. क्षमता गेली, तर मग काढून घेणारा कोण? आणि काढणारा नसेल, तर ती परत आली का?

नियमपुस्तक या चक्रात शिरतच नाही. ते पत्त्यांचे परिणाम सात थरांत, ठरलेल्या क्रमाने लावतं. चौथ्या थरात पत्त्याचा प्रकार बदलतो: ह्युमिलिटी क्रीचर होतो. सहाव्यात क्षमता जातात, त्याची स्वतःचीही. पण एकदा लागू झालेला परिणाम, त्याचं मूळच उखडलं तरी, उरलेल्या थरांत चालू राहतो. सातव्यात एक म्हणतो 1/1, दुसरा म्हणतो 4/4. इथे जो पत्ता टेबलावर नंतर आला, त्याचा आकडा टिकतो. उत्तर पत्त्यांवर छापलेलं नाही. ते पत्ते कोणत्या क्रमाने पडले यावर ठरतं.

संस्कृत शिकलेल्यांना इथे पाणिनी आठवेल. अष्टाध्यायीत सुमारे 4 हजार सूत्रं, आणि त्यांतलं एक असं: 'विप्रतिषेधे परं कार्यम्'. दोन नियम भिडले तर 'पर' तो लावा. परंपरेने अर्थ घेतला, ग्रंथात नंतर येणारा. पण त्याने काही ठिकाणी चुकीची रूपं निघत, म्हणून टीकाकारांनी अपवादांवर अपवाद रचले. 2022 मध्ये ऋषी राजपोपट यांनी केंब्रिजच्या आपल्या प्रबंधात वेगळा अर्थ मांडला: 'पर' म्हणजे शब्दाच्या उजव्या भागाला लागणारा नियम. सगळ्या विद्वानांना तो पटलेला नाही. भांडण मिटवायच्या सूत्रावरच भांडण, तेही अडीच हजार वर्षांच्या आसपास जुनं. ते पाहता 'आमच्याकडे हे होतंच' म्हणायची घाई नको.

शब्द स्वच्छ, क्रमही पक्का, तरी निकाल लागेलच असं नाही. अ‍ॅलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी 2019 मध्ये दाखवून दिलं की मॅजिकचे खरेखुरे पत्ते मांडून ट्युरिंग यंत्र, म्हणजे संगणकाचा गणिती सांगाडा, उभा करता येतो. खेळाडूंना निवडायला काही उरत नाही, पत्ते आपापले नियम पाळत पुढे जातात. हा डाव कोण जिंकणार हे आधी सांगणं म्हणजे एखादा प्रोग्राम थांबेल की नाही हे सांगणं, आणि त्यासाठी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही हे अ‍ॅलन ट्युरिंगने 1936 मध्येच सिद्ध केलंय.

साध्या चक्रांसाठी पंचांकडे उपाय असतो. कुणालाच थांबवता न येणारं चक्र सुरू झालं तर डाव बरोबरीत. थांबवता येत असेल, तर खेळाडूने किती वेळा फिरवणार तो आकडा सांगायचा आणि पुढे व्हायचं. या तिघांच्या रचनेला हे कलमही लागेलच असं नाही, कारण ती पुन्हा त्याच जागी येईलच असं नाही. पण स्पर्धेतली फेरी साधारण 50 मिनिटांची असते, आणि नंतरही वाद उरला तर मुख्य पंचाचा शब्द अंतिम.