कुब्रिकने काढून टाकलेली उत्तरं

'२००१: अ स्पेस ओडिसी' या अंतराळप्रवासावरच्या सिनेमाबद्दल कुणाचंच एकमत होत नाही. एकाला तो सिनेमाचा कळस वाटतो, दुसऱ्याला सव्वादोन तासांहून लांबलेला कंटाळा. १९६८पासून चालत आलेल्या या वादाचं मूळ प्रेक्षकांच्या आवडीनिवडीत शोधण्यापेक्षा चित्रपट बनताना काय घडलं त्यात शोधावं, असं मला वाटतं.

१९६४ साली दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने सिलोनमध्ये राहणाऱ्या विज्ञानकथाकार आर्थर सी. क्लार्कशी पत्रव्यवहार केला. न्यूयॉर्कला दोघं भेटले. क्लार्कच्या 'द सेंटिनल' या जुन्या कथेतलं, चंद्रावर परक्यांनी ठेवलेल्या वस्तूचं बीज त्यांनी उचललं आणि कादंबरी व पटकथा बरोबरीनेच लिहायला घेतली. क्लार्कचा पिंड समजावून सांगणाऱ्याचा. त्यामुळे सुरुवातीच्या आराखड्यात निवेदन होतं, शास्त्रज्ञांच्या मुलाखतींनी सिनेमा उघडणार होता. फ्रीमन डायसन, मार्गारेट मीड अशा मंडळींच्या मुलाखती चित्रितही झाल्या. कुब्रिकने त्या गाळल्या. मग निवेदन गेलं. अ‍ॅलेक्स नॉर्थने खास रचलेलं संगीतसुद्धा गेलं.

याचा परिणाम हाडाच्या प्रसंगात स्वच्छ दिसतो. वानरमानव हाड हवेत भिरकावतो, ते खाली येऊ लागतं आणि एका कटमध्ये त्याच्या जागी पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रह येतो. पटकथेनुसार ही कक्षेत सोडलेली अण्वस्त्रं, आणि निवेदक तसं सांगणार होता. आता पडद्यावर उरलाय फक्त लांबट पांढरा आकार. पहिल्या हत्यारापासून शेवटच्या हत्यारापर्यंतची उडी ज्याला दिसली त्याला दिसली. इतरांसाठी ते एक देखणं यान. एकच कट पाहून दोन माणसं दोन वेगळे सिनेमे घेऊन घरी जातात ती अशी. म्हणूनच 'काही कळलं नाही' म्हणणाऱ्याला अडाणी ठरवणारे मला पटत नाहीत. त्याची तक्रार खरी आहे, उत्तरं खरोखरच काढून घेतलेली होती.

२ एप्रिल १९६८ला वॉशिंग्टनमध्ये पहिला खेळ झाला. पहिला संवादच जवळपास पंचवीस मिनिटांनी येतो. सुरुवातीच्या खेळांना अनेकजण मध्येच उठून गेले. लॉस एंजेलिसला अभिनेता रॉक हडसनही वैतागून निघून गेल्याचं समीक्षक रॉजर ईबर्टने लिहिलं आहे. काही दिवसांतच कुब्रिकने सुमारे १९ मिनिटं कापली. समीक्षक पॉलीन केलने सिनेमाला कल्पनाशून्य ठरवलं. समीक्षक रेनाटा अ‍ॅडलरला तो मोहिनी घालणारा आणि अतिशय कंटाळवाणा यांच्या मधला कुठेतरी वाटला. समीक्षक जोसेफ गेल्मिसने मात्र आधी टीका केली, पुन्हा सिनेमा पाहिला आणि मत बदललं म्हणून दुसरं परीक्षण लिहिलं. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

चित्रपट तगला तो तरुणांमुळे. शेवटाकडे अंतराळवीर ज्यातून दूरच्या विश्वात ओढला जातो त्या तारकाद्वाराचा रंगांचा झोत पाहायला ते पुन्हा पुन्हा येऊ लागले, आणि एमजीएम या चित्रपट कंपनीने पोस्टरवर 'द अल्टिमेट ट्रिप' असं छापलं.

त्याच वर्षी क्लार्कची कादंबरी आली. पडद्यावर अबोल राहिलेलं बरंच काही तिच्यात उलगडून सांगितलंय. तिच्यात यान मात्र शनीकडे जातं; सिनेमात ते गुरूकडे जातं, कारण शनीची कडी पडद्यावर पटतील अशी दाखवणं तेव्हा जमलं नव्हतं. तेव्हापासून चाहत्यांतही दोन गट पडले: कादंबरीच्या आधाराने अर्थ लावणारे आणि तो आधार नाकारणारे. मी दुसऱ्या गटातला.

कुब्रिक अर्थ सांगायचं टाळत राहिला. अपवाद क्वचितच. १९८०मध्ये एका जपानी मुलाखतकाराला फोनवर त्याने शेवट सरळ सांगून टाकला: देवासारख्या शक्ती अंतराळवीर बोमनला प्राणिसंग्रहालयात ठेवावं तसं शेवटी दिसणाऱ्या खोलीत ठेवतात आणि त्याचा अभ्यास करतात. हे ध्वनिमुद्रण २०१८मध्ये सर्वांसमोर आलं. त्यानंतर चारच वर्षांनी 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपट मासिकाच्या मतदानात दिग्दर्शकांनी या सिनेमाला पहिलं स्थान दिलं, समीक्षकांनी सहावं. ज्यांनी तो अजून पाहिलेला नाही, त्यांनी आधी शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर पाहावा आणि ती मुलाखत नंतर ऐकावी.