लाईनमनचा एक मीटर

लेले मैदानाच्या कडेला फुटबॉलचा सामना बघत उभं राहावं. कडेनं पळणाऱ्या सहायक पंचाचा, म्हणजे लाईनमनचा, ऑफसाईडचा झेंडा वर जायचा अवकाश, मागून आवाज येतोच, "ओ लाईनमन, दिसतंय काय नाही?" पाठोपाठ, पैसे किती खाल्ले याची चौकशी. तरुणपणी मीही ओरडलोय. पुढं शाळेत भूमिती शिकवायला लागलो, आणि ओरडणं बंद झालं.

नियम थोडक्यात असा: पास सुटतो त्या क्षणी तुमचा खेळाडू समोरच्यांच्या अर्ध्या भागात, चेंडूच्या आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या (बहुधा बचावपटूच्या) पुढं असेल, तर ऑफसाईड. बरोबरीत असला तर नाही. म्हणून लाईनमननं त्या बचावपटूच्या रेषेतच राहायचं. पण बचावपटू तरणाबांड, अचानक वळणारा. त्याच्याबरोबर धावताना माणूस एखादा मीटर पुढं जातोच.

आता वहीवर काढून बघा. लाईनमन गोलकडे १ मीटर जास्त सरकलाय. बचावपटू त्याच्यापासून ४० मीटरवर, हल्लेखोर मधेच २० मीटरवर. लाईनमनची नजर तिरकी जाते आणि २० मीटरवर ती खऱ्या रेषेच्या अर्धा मीटर पुढून जाते. म्हणजे हल्लेखोर ३० सेंटीमीटर ऑफसाईड असला तरी मागंच दिसणार. झेंडा खाली!

जागा बदला. बचावपटू २० मीटरवर, हल्लेखोर पलीकडं ४० वर. तीच नजर आता खऱ्या रेषेच्या पूर्ण एक मीटर मागं पोचते. हल्लेखोर ८० सेंटीमीटर मागं, बिचारा निर्दोष, तरी झेंडा वर. माणूस तोच, डोळे तेच, चूक मात्र दोन्ही बाजूंनी. मोटारसायकलवर मागं बसलेल्याला स्पीडोमीटरचा काटा वेगळ्याच आकड्यावर दिसतो, तसलाच प्रकार. नेदरलँड्सच्या संशोधकांनी २००० साली 'नेचर'मध्ये हेच दाखवलं होतं. गोलपोस्टच्या बुडाशी लिंबू पुरल्यानं हा कोन बदलत नाही.

"व्हीएआर आला की वाद संपले" हीही एक श्रद्धाच. व्हीएआर म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा पंच; २०१८ मध्ये तो नियमांत आला. पण कॅमेरा सेकंदाला ५० चित्रं घेत असेल, तर दोन चित्रांत ०.०२ सेकंदाचं अंतर पडतं. सेकंदाला ८ मीटर धावणारा तेवढ्यात १६ सेंटीमीटर सरकतो. बचावपटू त्याच वेगानं उलटा धावत असेल तर दोघांतला फरक ३२. मग पास नेमका कुठल्या चित्रात सुटला? कतारला २०२२ च्या विश्वचषकात चेंडूत सेन्सर बसवला, सेकंदाला ५०० नोंदी करणारा. छताखालचे १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे २९ बिंदू टिपत होते, तेही सेकंदाला ५० वेळाच. चेंडूची वेळ नेमकी कळली. शरीराची जागा दोन नोंदींच्या मधे हिशेबानं काढावी लागते.

आपल्याकडच्या स्पर्धांना हे कुठलं परवडणार! स्वस्त उपाय आहे: लाईनमनला तोंड मैदानाकडं ठेवून आडवं पळायचा सराव द्या.

एकदा सामन्याआधी मैदानावर चपला ठेवून रेषा आखली, दोन पोरांना २० आणि ४० मीटरवर उभं केलं, आणि नेहमी ओरडणाऱ्या एका काकांना एक मीटर पुढं उभं करून झेंडा दिला. पाचपैकी तीन निर्णय चुकले. काका चपलांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ते ठीक ओ सर, पण मला तुम्हीच चुकीच्या जागी उभं केलासा की!"