टेलविंडची कॉन्फिग फाइल: कुठून आली, कुठे गेली

जुना व्हिडिओ लावून टेलविंड (वेबपानाला रूप देणारे तयार तुकडे पुरवणारं साधन) बसवायला घेतलं की हल्ली दुसऱ्याच पायरीवर गाडी अडते. पॅकेज नीट उतरतं. मग व्हिडिओतला माणूस ‘एनपीएक्स टेलविंडसीएसएस इनिट’ अशी कमांड देतो, आपणही देतो, आणि टर्मिनल म्हणतं, नक्की काय चालवायचं ते कळलं नाही. टायपिंगची चूक शोधत बसू नका. २२ जानेवारी २०२५ ला चौथी आवृत्ती आली, तेव्हा कमांड चालवणारा भाग मुख्य पॅकेजमधून निघून वेगळ्या पॅकेजात गेला. शिवाय ‘इनिट’ जी कॉन्फिग फाइल (रंग, अंतरं वगैरे सेटिंग्जची फाइल) बनवून द्यायचं, तिची सक्तीच संपली.

ही फाइल का होती, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

होकून वियुम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत असताना सीएसएसचा, म्हणजे पानाचं रूप सांगणाऱ्या भाषेचा, प्रस्ताव मांडला आणि डिसेंबर १९९६ मध्ये त्याची पहिली आवृत्ती वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेची अधिकृत शिफारस झाली. मजकूर एचटीएमएलमध्ये, रूप वेगळ्या फाइलीत, अशी ती वाटणी. २००३ साली डेव्ह शे यांनी ‘सीएसएस झेन गार्डन’ ही साइट सुरू केली, तेव्हा या वाटणीची ताकद सगळ्यांना दिसली. एचटीएमएल तेच, नुसती सीएसएस फाइल बदलली की पान ओळखू येणार नाही इतकं वेगळं. त्यातून एक शिस्त अंगवळणी पडली: क्लासचं (सीएसएसचे नियम लागावेत म्हणून एचटीएमएलमध्ये लावलेल्या खुणेचं) नाव ती वस्तू काय आहे ते सांगेल, कशी दिसते ते नाही. ‘लाल-मजकूर’ नको, ‘इशारा’ म्हणा.

रोजच्या कामात मात्र उलटं घडायचं. एचटीएमएल सतत बदलायचं आणि सीएसएस नुसती वाढायची. कोणता नियम अजून कुठे वापरात आहे याची खात्री नसल्यामुळे जुनं काढायला कुणी धजत नसे, नवं तेवढं खाली चिकटवायचं. यावर उपाय निघत गेले. निकोल सुलिव्हन यांची ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धत आली, यांडेक्स कंपनीतून क्लासना नावं देण्याची बेम पद्धत आली, २०११ मध्ये ट्विटरच्या दोघांनी बूटस्ट्रॅप हा तयार बटणं-चौकटींचा संच खुला केला. बूटस्ट्रॅपने वेळ खूप वाचवला, पण पुढची काही वर्षं अर्धी वेबसृष्टी एकाच निळ्या बटणाची दिसायची.

खरं वळण त्यानंतरचं. २०१२ मध्ये निकोलस गॅलाघर यांनी एका लेखात म्हटलं की क्लासची नावं ब्राउझरसाठी नसतात, वाचकासाठीही नसतात. ती डेव्हलपरच्या सोयीची असावीत. पुढच्या वर्षी याहूतल्या थिएरी कोब्लेंट्झ यांनी एका क्लासला एकच काम देण्याची ‘अॅटॉमिक’ पद्धत मांडली. पाठोपाठ त्याच धर्तीचा टॅकियॉन्स हा संच आला. म्हणजे अशा एकेका कामाच्या ‘युटिलिटी’ क्लासची कल्पना टेलविंडची नव्हे, हे टेलविंडवर प्रेम करणाऱ्यांनी आणि नाक मुरडणाऱ्यांनीही लक्षात ठेवायला हरकत नाही.

टेलविंडचे कर्ते अॅडम वॉथन यांनी ऑगस्ट २०१७ मधल्या लेखात या वादाची मांडणीच बदलली. त्यांचं म्हणणं, ‘वेगळं ठेवलंय की नाही’ हा प्रश्नच चुकीचा. कोण कोणावर अवलंबून आहे ते बघा. ‘लेखक-परिचय’ नावाचा क्लास केला तर सीएसएस त्या एचटीएमएलला बांधली जाते, आणि तशीच चौकट दुसरीकडे हवी असली की नियम पुन्हा लिहावे लागतात. उलट छोटे तयार क्लास असले तर एचटीएमएल सीएसएसवर अवलंबून राहतं आणि सीएसएस वाढायची थांबते. त्याच सुमारास ते काइटटेल नावाचा स्वतःचा प्रकल्प लाइव्ह करून दाखवत होते. बघणारे प्रकल्पापेक्षा ‘ही सीएसएस कुठली?’ हेच जास्त विचारायला लागले. जोनाथन राइनिंक, डेव्हिड हेमफिल आणि स्टीव्ह शोगर यांच्या साथीने नोव्हेंबर २०१७ मध्ये टेलविंड बाहेर पडलं.

आता ती फाइल. सुरुवातीला तिचं नाव नुसतं ‘टेलविंड डॉट जेएस’ होतं आणि ‘इनिट’ केलं की सगळे रंग, सगळी अंतरं, सगळे अक्षर-आकार धरून शेकडो ओळी तुमच्या फोल्डरमध्ये येऊन पडत. हेतू चांगला होता: हे तुमचं, हवं तसं बदला. मे २०१९ च्या पहिल्या पक्क्या आवृत्तीने ती आटोपशीर केली. बदल असेल तेवढाच लिहायचा.

अडचण वेगळीच होती. टेलविंड सगळे शक्य क्लास आधीच तयार करून ठेवायचं. प्रत्येक रंग, त्याचा हॉवर (माउस वर नेल्यावरचं रूप), त्याचा फोकस (निवडल्यावरचं रूप), प्रत्येक स्क्रीन-रुंदीसाठी पुन्हा तेच. फाइल काही एमबींच्या घरात जायची. म्हणून ‘व्हेरिएंट्स’ची यादी आली: कोणत्या गुणधर्माला कोणती अवस्था हवी ते आधी सांगून ठेवा. बंद बटण फिकं दिसावं म्हणून क्लास लिहावा आणि स्क्रीनवर काहीच घडू नये, मग आठवावं की यादीत ते घातलेलंच नाही, हा त्या काळातला ठरलेला वेळखाऊपणा. २०२० मध्ये ‘पर्ज’ आत आलं: शेवटच्या बिल्डच्या (साइट प्रसिद्धीसाठी तयार करण्याच्या) वेळी तुमच्या फाइली वाचून न वापरलेले क्लास गाळायचे.

मार्च २०२१ मध्ये हे उलटं केलं गेलं. आधी सगळं बनवून नंतर गाळण्याऐवजी, फाइलीत जे दिसेल तेवढंच तिथल्या तिथे बनवायचं. डिसेंबर २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत हीच मूळ पद्धत झाली, व्हेरिएंट्सची यादी गेली आणि ‘पर्ज’च्या जागी, कुठल्या फाइली वाचायच्या ते सांगणारं ‘कंटेंट’ आलं. नवशिक्यांचे ‘क्लास लागतच नाहीत’चे बरेचसे प्रश्न या एका ओळीपाशी येऊन थांबायचे: फोल्डरचा पत्ता चुकला की पान उघडं-बोडकं.

चौथ्या आवृत्तीत तो पत्ताही द्यावा लागत नाही. गिट-इग्नोरमधलं (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीतलं) वगळून बाकीचं ते स्वतः धुंडाळतं. व्हीट हे बिल्डचं साधन वापरत असाल तर दोन पॅकेजं, एक प्लगइन आणि सीएसएसमध्ये इम्पोर्टची एक ओळ. ऑटोप्रीफिक्सर (ब्राउझरनिहाय उपसर्ग जोडणारं साधन) वेगळं लागत नाही, आणि थीम आता सीएसएसमध्येच ‘@थीम’ खाली लिहायची. ‘पी-४’ (आतली मोकळी जागा ठरवणारा क्लास) म्हणजे अजूनही १ रेम (पानाच्या मूळ अक्षर-आकाराएवढं माप), म्हणजे सहसा १६ पिक्सेलच. फक्त तो आकडा आता एका स्पेसिंग व्हेरिएबलला ४ ने गुणून येतो. एक जुनी खोड मात्र टिकून आहे: फाइली नुसता मजकूर म्हणून वाचल्या जातात, कोड चालवला जात नाही. त्यामुळे कोडमध्ये ‘बीजी-’ला (पार्श्वभूमीच्या क्लासला) रंगाचं नाव जोडून क्लास बनवलात तर तो आजही सापडत नाही. पूर्ण नाव लिहायचं.

मराठी साइट करणाऱ्यांनी ‘@थीम’मध्ये पहिल्याच दिवशी एक बदल करावा. ‘टेक्स्ट-५एक्सएल’ आणि त्यापुढच्या आकारांची ओळ-उंची मुळात १ ठेवलेली आहे. रोमन अक्षरांना ती शोभते. देवनागरी मथळा दोन ओळींवर गेला, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. मी ती १.३ च्या आसपास नेतो. रफार आणि अनुस्वार एकत्र येणारे मथळे असतील, तर थोडी अजून.